पाळी जाऊन पंचवीस वर्षं झाली, आता कसलं ऑपरेशन? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पाळी कायमची गेल्यावर एकदा जरी अंगावरून लाल गेलं तरी ते दाखवायचं, कारण अशा दर १०० बायकांमध्ये साधारण ९-१० जणींना गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा कॅन्सर निघतो. त्यावर खूप पत्रं आली. जवळजवळ सगळी लेकी, सुना आणि मुलांची. स्वतः पेशंट असलेल्या बाईचं पत्र एकच, ते शेवटी घेतलंय पण माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. वय ७० च्या पुढे आणि ऑपरेशन सांगितलंय, सगळ्यांची काळजी साधारण हीच, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेते.

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ७९ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी कपड्याला डाग दिसला, सोनोग्राफीत अस्तर जाड आलं, बायोप्सीत एंडोमेट्रियल कॅन्सर ग्रेड १ आणि एमआरआयमध्ये तो पिशवीच्या आतच आहे असं आलंय. डॉक्टर पिशवी काढायला सांगतायत. मामा आणि दादा म्हणतात या वयात पोट फाडायचं कशाला, राहिलेले दिवस सुखात जाऊ देत. तिला बीपी, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोल आहे, दोन मजले जिना स्वतः चढते. तिला आम्ही फक्त "पिशवीला सूज आहे" एवढंच सांगितलंय. मी काय करू?

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. आईला सांगा. आजच्या आज. पोट तिचं, पिशवी तिची, आणि तिच्याशिवाय घरातले सगळे त्यावर बोलतायत हे मला पटत नाही. दोन मजले चढणाऱ्या बाईला कॅन्सर हा शब्द झेपणार नाही असं आपणच ठरवून टाकतो. प्रत्यक्षात काय होतं तर बहुतेक आयांना अर्धं आधीच कळलेलं असतं, घरातले तिच्यासमोर गप्प होतात त्यावरूनच कळतं, आणि मग ती एकटीच घाबरत बसते.

आता वयाचं. ७९ हा आकडा ऑपरेशन नको म्हणायला पुरेसा नाही. आम्ही बघतो ते वेगळंच असतं. ती किती चालते, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठते का, गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलंय का, पडली आहे का, स्मरणशक्ती कशी आहे, दिवसाला किती गोळ्या घेते, घरी तिच्याबरोबर कोण असतं. याला म्हातारपणाची तपासणी म्हणा हवं तर, जेरियाट्रिक असेसमेंट. एकाच वयाच्या दोन बायका यात अगदी दोन टोकांना असू शकतात, एक ८२ ची ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी घरी जाते आणि दुसरी ६८ ची, तिच्यासाठी मात्र आम्हाला दहादा विचार करायला लागतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून आई पहिल्या गटातली वाटते, पण हे भूलतज्ज्ञ आणि फिजिशियनने तिला समोर बसवून ठरवायचं.

आणि "सुखात जाऊ देत" याबद्दल मला मनापासून बोलायचंय, कारण हे वाक्य माझ्यासमोर फार वेळा येतं आणि म्हणणाऱ्याचा हेतू नेहमी चांगलाच असतो. हा कॅन्सर पिशवीत तसाच सोडला तर तो गप्प बसत नाही. रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं, पुढे वास येणारा स्राव, ओटीपोटात दुखणं, शेजारी मूत्राशय आहे मोठं आतडं आहे तिकडे पसरला तर लघवी-संडासचे हाल. ग्रेड १ हळू वाढतो हे खरं, पण आत्ता धडधाकट असलेल्या बाईकडे तेवढा वेळ असतो की हे सगळं तिच्या वाट्याला यावं. उलट पिशवीपुरताच असलेला ग्रेड १ कॅन्सर वेळेत काढला तर ५ वर्षांनंतर १०० मधल्या ९० पेक्षा जास्त जणी या कॅन्सरपासून सुखरूप असतात, आणि बऱ्याच जणींना ऑपरेशननंतर पुढे काहीच लागत नाही, ना केमो ना रेडिएशन. ज्याला घरचे "सुखात" म्हणतायत ते मिळवून देणारी गोष्ट माझ्या मते ऑपरेशनच आहे.

अजून एक समज लोकांत घट्ट बसलाय, म्हातारपणी कॅन्सर संथ असतो हा. या कॅन्सरच्या बाबतीत तरी तो धरून बसू नका. वय वाढतं तसं सीरस वगैरे जास्त आक्रमक प्रकारांचं प्रमाण वाढतं, ऑपरेशननंतर रेडिएशन लागेल का हे ठरवताना ६० च्या वरचं वय जोखमीच्या बाजूला मोजलं जातं. आणि नेमक्या याच वयाच्या बायकांना जगभर सगळीकडे उपचार कमी मिळतात, ऑपरेशन अर्धवट होतं किंवा होतच नाही. मामांना हे वाचून दाखवा.

प्रश्न : सासूबाई ७४. पोट उघडून करायचं की दुर्बिणीतून यावर दोन डॉक्टरांची दोन मतं. शिवाय मी वाचलं की दुर्बिणीने केलं तर कॅन्सर पसरतो आणि परत येतो. खरं काय?

तुम्ही वाचलंय ते बहुधा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबद्दल आहे, सर्व्हायकल. तिथे २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला आणि दुर्बिणीने केलेल्यांत निकाल वाईट निघाले, त्यामुळे त्या कॅन्सरला बहुतेक ठिकाणी परत पोट उघडून ऑपरेशन सुरू झालं. अस्तराचा कॅन्सर हा वेगळा आजार, नाव सारखं वाटतं म्हणून गल्लत होते. इथे पुरावा दुर्बिणीच्या बाजूने चांगला भक्कम आहे. अमेरिकेत लॅप-टू नावाच्या अभ्यासात अडीच हजारांपेक्षा जास्त बायका होत्या, २००९ मध्ये त्याचे पहिले निकाल आले, मध्यम ते गंभीर त्रास पोट उघडलेल्यांत २१ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात १४ टक्के, आणि पुढे बघितलं तर कॅन्सर परत यायचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं. मग २०१७ मध्ये लेस नावाच्या अभ्यासात ७६० बायका, साडेचार वर्षांनंतर आजार न परतलेल्या दोन्ही गटांत ८१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कॅन्सरच्या दृष्टीने फरक नाही आणि शरीराला त्रास कमी.

वय जास्त असेल तर हा फायदा वाढतोच, कारण म्हाताऱ्या माणसाला जखमेपेक्षा अंथरूण जास्त महागात पडतं. मोठा छेद म्हणजे दुखणं, दुखणं म्हणजे खोल श्वास नाही की चालणं नाही, मग छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या, स्नायू आठवड्यात निम्मे वाटावेत इतके गळतात आणि ते परत मिळवायला महिने जातात.

पण दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. दुर्बिणीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि टेबल डोक्याकडून खाली करतात, त्याने फुप्फुसांवर आणि हृदयावर ताण येतो. फुप्फुसं किंवा हृदय खूप कमजोर असेल तर भूलतज्ज्ञ कमी प्रेशर, कमी उतार असं जमवतात, कधी नाहीच जमत. लॅप-टू मध्येच दुर्बिणीने सुरू केलेल्या साधारण चारपैकी एकीला मधे पोट उघडावं लागलं होतं, वय आणि वजन जास्त असेल तर शक्यता अजून वाढत होती. ते जुने दिवस, ओटीपोटातल्या सगळ्या लिम्फ गाठी काढायची पद्धत होती (त्यांचं पुढच्या प्रश्नात सांगते), आता हे प्रमाण बरंच कमी झालंय. तरी सही करण्याआधी "मधे उघडावं लागलं तर" हे बोलून घ्या, उघडावं लागलं म्हणजे सर्जन चुकले असं नसतं.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा, पिशवी अखंड बाहेर काढणार ना. ती योनीमार्गातून अख्खी काढतात. कॅन्सर असलेल्या पिशवीचे पोटात तुकडे करायचे नसतात, पिशवी फार मोठी असेल तर छोटा छेद घेऊन काढतात पण तुकडे नाहीत. रोबोटने करायचं म्हणाले तर ती दुर्बिणीचीच पुढची पद्धत आहे, वजन खूप असेल तर सर्जनला त्याने सोपं जातं. रोबोट नसलेल्या ठिकाणी अनुभवी हात असतील तर मी हात निवडीन.

प्रश्न : आईच्या कागदावर "टीएलएच, बीएसओ, सेंटिनल नोड" लिहिलंय. अंडाशय चांगले आहेत तर ते कशाला काढायचे? आणि या गाठी कसल्या?

पिशवी तोंडासकट काढणं, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढणं, आणि लिम्फ गाठी, म्हणजे शरीरात सगळ्यांनाच असलेल्या छोट्या गाठी ज्यांत कॅन्सर पसरताना पोचू शकतो, त्या तपासणं. अंडाशयात बारीक कॅन्सर लपलेला असू शकतो, शिवाय पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईचे अंडाशय काढले म्हणून परत घाम फुटणं वगैरे होत नाही, तो टप्पा होऊन गेलेला असतो.

गाठींचं जरा समजून घ्या. पूर्वी ओटीपोटातल्या सगळ्या लिम्फ गाठी काढत. त्याने पाय सुजायचे, कायमचे, आणि म्हाताऱ्या बाईचा सुजलेला जड पाय म्हणजे तिचं चालणंच गेलं. २००८-०९ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, त्यांत सुरुवातीच्या स्टेजला सगळ्या गाठी काढून आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण गाठीत कॅन्सर पोचलाय का हे कळायला तर हवं, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात. म्हणून मग सेंटिनल. गर्भाशयाच्या मुखात आयसीजी नावाचा हिरवा रंग टोचतात, तो लिम्फच्या वाटेने जाऊन ज्या पहिल्या गाठीत पोचतो ती खास कॅमेऱ्याखाली चमकते, तेवढीच काढायची, दोन्ही बाजूंची एकेक दोनदोन. २०१७ च्या फायर्स नावाच्या अभ्यासात, ज्यांच्यात रंग नीट गेला आणि गाठीत कॅन्सर होता त्यांच्यातल्या ९७ टक्के जणींत या पहिल्या गाठीनेच तो पकडून दिला. वयस्कर आणि जाड बायकांमध्ये कधीकधी एका बाजूला रंग पोचतच नाही, तेव्हा त्या बाजूचं काय करायचं हे सर्जन आजार बघून ठरवतात, तेही आधी विचारून ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी, आम्हालाही होईल का?

बहुतेक वेळा नाही. पण आईच्या काढलेल्या कॅन्सरच्या तुकड्यावर एमएमआर नावाची तपासणी करायला सांगा, पेशींमधली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा नीट आहे का ते त्यात बघतात. त्यात दोष निघाला आणि पुढच्या तपासणीत लिंच सिंड्रोम ठरला तर तो घराण्यात चालतो, आतड्याच्या कॅन्सरचीही जोखीम असते, मग तुम्ही दोघींनीच नाही तर भावांनीही जेनेटिक तपासणी करायची. हीच तपासणी आईच्या पुढच्या औषधांसाठीही उपयोगी पडते.

प्रश्न : ऑपरेशन तीन आठवड्यांनी आहे. आई ७६, शुगर, रक्त पातळ करायची गोळी चालू. घरचे म्हणतात आता पूर्ण आराम करू दे, ताकद साठव. बरोबर?

नाही हो, उलटं करा. ताकद आरामाने साठत नाही, जाते. रोज दोनदा चालणं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. खुर्चीतून उठा-बसा दिवसातून तीन वेळा, दहा दहा. श्वासाचे व्यायाम, ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र मिळतं त्यावर. प्रत्येक जेवणात प्रोटीन असलेलं काहीतरी. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्ताच सांगा, रक्त गेल्यामुळे बऱ्याच जणींचं कमी असतं आणि शिरेतून लोह दिलं तर तीन आठवड्यांत फरक पडतो.

गोळ्यांची पिशवी, सगळी, भूलतज्ज्ञांसमोर ओता. रक्त पातळ करायच्या गोळ्या प्रत्येकीच्या वेगळ्या दिवशी बंद करतात, क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी, वॉरफरिन ५ दिवस, नवीन गोळ्या दोन-तीन दिवस, ॲस्पिरिन कधी कधी चालूच ठेवतात, हृदयात स्टेंट असेल तर सगळं गणित बदलतं, म्हणून स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. शुगरच्या गोळ्यांमध्ये नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असेल तर ती साधारण ३ दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी पोटी त्याने शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ही गोष्ट सांगायची फार वेळा राहून जाते.

आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही हेही आता जुनं झालं. साधारणपणे जड नसलेलं खाणं ६ तास आधीपर्यंत आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तसं. सुकलेल्या अवस्थेत टेबलावर गेलेल्या म्हाताऱ्या बाईचं बीपी भूल देताच धाडकन खाली येतं. नंतर गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर टोचायचं हेपरिनचं इंजेक्शन बऱ्याच जणींना घरी गेल्यावरही देतात, पोट उघडलं असेल तर चार आठवडे सुद्धा. ते कोण टोचणार हे आत्ताच ठरवा.

प्रश्न : वडिलांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर भ्रम झाला होता, ओळखत नव्हते, सलाईन उपटलं. आता आईचं ऑपरेशन आहे, वय ८१. तिलाही होईल का याची फार भीती वाटते.

होऊ शकतो. याला डिलिरियम म्हणतात, वय, आधीचा विसराळूपणा, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या यांनी शक्यता वाढते, पण बराचसा टाळता येतो आणि ते काम डॉक्टरपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे म्हणून नीट लिहिते. चष्मा आणि कानाचं मशीन घरी ठेवून जाऊ नका, शुद्धीवर आल्या आल्या लावा, नाहीतर अनोळखी खोलीत धूसर चेहरे आणि अस्पष्ट आवाज, कुणाचंही डोकं फिरेल. तिच्या ओळखीचं एक माणूस सतत जवळ, विशेषतः रात्री. दिवसा उजेड आणि बोलणं, आज वार कोणता, किती वाजले हे सहज सांगत राहायचं, रात्री अंधार आणि शांतता. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढायला सांगा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी निघते. दुखत असेल तर औषध मागा, म्हाताऱ्या बायका दुखणं सांगत नाहीत आणि दाबलेलं दुखणंही भ्रम आणतं. संडास साफ झाली का बघा. झोप येत नाही म्हणून स्वतःजवळची झोपेची गोळी कधीच देऊ नका.

आणि झालाच भ्रम तर तिच्याशी वाद घालू नका, "असं काय करतेस" म्हणू नका. हात धरा, नाव सांगा, नर्सला बोलवा, कारण मागे इन्फेक्शन, सोडियम कमी होणं असं कारण असतं ते शोधावं लागतं. बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. वडिलांना झाला होता हे सर्जनना सांगाच, पण त्यापेक्षा आईला आधी कधी झालाय का ते जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : आजी ८८, हृदय फक्त २५ टक्के चालतं, भूलतज्ज्ञांनी स्पष्ट नाही सांगितलं. म्हणजे आता काहीच नाही का?

आहे. सगळ्यात आधी विचारा की मणक्यात भूल देऊन योनीमार्गातून फक्त पिशवी काढता येईल का, पोटाला हातच लावायचा नाही, गाठी तपासायच्या नाहीत. कमी वेळाचं काम, काहींना ते झेपतं. तेही नको म्हणाले तर आतून रेडिएशन देतात, त्याने रक्तस्राव थांबतो आणि काही जणींत आजार बरीच वर्षं आटोक्यात राहतो. ग्रेड १ असेल तर प्रोजेस्टेरॉन जातीच्या गोळ्या किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल हाही मार्ग आहे. गोळ्यांनी गुठळ्यांची जोखीम वाढते, त्यामुळे आजींच्या हृदयाकडे बघता कॉइलबद्दल आधी विचारा. यातलं काहीही निवडलं तरी ते उपचारच आहेत, "सोडून दिलं" असं आजींसमोर कुणी बोलू नका. त्यांना काय हवंय ते विचारा, कधी कधी उत्तर "रक्त थांबू दे, बाकी राहू दे" एवढंच असतं आणि तेवढं करता येतं.

प्रश्न : मॅडम, मी स्वतः पेशंट आहे, वय ७०. पाच आठवड्यांपूर्वी दुर्बिणीने ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगला आलाय. मुलांसमोर विचारता आलं नाही. आम्ही दोघंच राहतो, आमचं नातं अजून आहे. आता ते सगळं बंद करायचं का? विचारायला लाज वाटते.

ताई, लाज वाटायचं काहीच कारण नाही, तुम्ही लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न डॉक्टरांनी आपणहून काढायला हवा होता. बंद करायचं नाही. पिशवी काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक शिवलेलं असतं, ते पक्कं भरायला वेळ लागतो, म्हणून निदान ८ आठवडे, काही सर्जन १२ सांगतात, तोपर्यंत थांबा, आणि आधी एकदा आतून तपासून घ्या. जवळ बसणं, मिठी, हात फिरवणं याला आजही मनाई नाही. पुढे कोरडेपणा जाणवेल, पाणी बेस असलेलं जेल मिळतं ते भरपूर वापरा. हार्मोनचं क्रीम मात्र तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आतून रेडिएशन ठरलं तर मार्ग आकसू शकतो, त्यासाठी डायलेटर, म्हणजे मार्ग मोकळा ठेवायची गुळगुळीत कांडी देतात, ती मागून घ्या.

सहा आठवड्यांपर्यंत थोडा फिका स्राव चालतो. भडक लाल, वास येणारा, ताप, किंवा अचानक खालून पाणी किंवा काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी जा. आणि पुढे कधीही, वर्षाने दोन वर्षांनी, संबंधानंतर किंवा तसंच रक्त दिसलं तर "कोरडेपणामुळे असेल" म्हणून थांबू नका. हा कॅन्सर परत येतो तेव्हा बऱ्याचदा त्याच शिवलेल्या टोकाला आणि पहिल्या तीन वर्षांत येतो, आणि फक्त तिथेच असेल, आधी रेडिएशन झालेलं नसेल तर रेडिएशनने तो पुन्हा बरा करता येतो. तीन-चार महिन्यांनी तपासणीला जाल तेव्हा हे सगळं परत विचारा, मुलांना बाहेर बसायला सांगा आणि यजमानांना आत घेऊन जा.